दिवेकरांनी विझवलेला इशारा

पंपघरात त्यांना सगळे दिवेकर म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. शहराला पाणी चढवणाऱ्या त्या पंपघरात एकतीस वर्षं ते एका पत्र्याच्या पॅनलसमोर बसले, आणि त्या पॅनलवर दोनशे चाळीस दिवे होते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे पळा. तिथला एक अलिखित नियम होता, की पिवळा दिवा पेटता ठेवून पॅनल पुढच्या पाळीच्या हाती द्यायचं नाही. बाकीचे हा नियम सवडीने पाळत. दिवेकर मात्र पाळी संपली तरी हलत नसत. हा व्हॉल्व्ह अर्धा फेरा आवळ, तो पाव फेरा सैल कर, असं करत करत दिवा विझवायचे आणि मगच डबा उचलायचे. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, की या माणसाने एकतीस वर्षांत एकही पेटता दिवा दुसऱ्याच्या गळ्यात बांधला नाही. त्यांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "पंपघरातला एक दिवा पेटता ठेवला नाही म्हणे. आणि आपल्या बाथरूमचा एकदा तरी बंद केलात का?"

तिला सगळी गल्ली बाई म्हणायची, म्हणून आपणही बाईच म्हणू. बाईंचा शिवणक्लास होता. एका खोलीत बावीस मशिनी एकदम चालायच्या, आणि त्या खडखडाटावरून बाईंचा आवाज शेवटच्या मुलीपर्यंत पोचायचा. "तिसऱ्या रांगेतली, टाका तिरका गेलाय, उसव!" अशी आरोळी उठली की रस्त्याने जाणाराही चपापून आपल्या शर्टाकडे बघायचा. घरातही त्या त्याच पट्टीत बोलत. दिवेकर पंपांच्या आवाजात राहून थोडे बहिरे झाले होते, तेव्हा जोडा जमला होता असंच म्हणायला हवं.

तो आवाज जाणार असं कळलं तेव्हा बाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. आधी जीभ जड झाली, मग घोट घेताना ठसका लागू लागला, मग तपासण्या. जिभेच्या आणि घशाच्या नसा मरत चालल्या होत्या, आणि त्यावर औषध नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बोलणं सहा महिने टिकेल, फार तर आठ. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. परत येताना रिक्षात बाई म्हणाल्या, "चला, तुमची चंगळ आहे. मुकी बिचारी, कुणीही हाका." दिवेकरांना हसू आलं नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच रिक्षात बायकोचा हात धरला, आणि घर येईपर्यंत धरून ठेवला.

हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्टने एक वाट दाखवली. आवाज आहे तोवर बाईंनी बाराशे वाक्यं बोलून साठवायची. त्यावरून मशीन बाईंचा आवाज तयार करेल. पुढे बाईंनी टॅबवर बोटाने लिहायचं, की टॅब बाईंच्याच आवाजात ते बोलून दाखवेल. "अगदी माझ्यासारखं?" बाईंनी विचारलं. "ओळखू येण्याइतकं," थेरपिस्ट म्हणाली, "पण वाक्यं स्वच्छ हवीत, आणि नऊशेच्या खाली गेलात तर आवाज धड बनत नाही. घाई करा, काकू." पहिली हजार वाक्यं हॉस्पिटलच्या यादीतली होती, सगळे उच्चार यावेत म्हणून जुळवलेली. शेवटची दोनशे बाईंनी आपल्या मनाने बोलायची. यादीतली वाक्यं बघून बाईंनी कपाळावर हात मारला. "'निळ्या डब्यात सात बटणं आहेत. घोड्याला छत्री आवडत नाही.' हे मी पुढे कुणाला सांगणार आहे?"

काम घरच्या कॉम्प्युटरवर करायचं होतं. हा कॉम्प्युटर बाईंच्या धाकट्या भावाने तीन वर्षांपूर्वी सुटे भाग आणून जोडून दिलेला. दिवेकरांच्या या मेहुण्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, माणूस तोंडाने फाटका पण हाताने सोनं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जड होतं, म्हणून त्याने आत रॅमची, म्हणजे मेमरीची, आणखी एक पट्टी बसवली. जुनी पट्टी एका जातीची, नवी दुसऱ्या. पुरत्या वेगात दोघींचं पटेना, तेव्हा त्याने कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन दोघींचा वेग खाली आणून ठेवला. मशीन झकास चालू लागलं. एकच झालं. दर वेळी सुरू करताना काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांची एक पट्टी यायची: मेमरी तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने चालत आहे, सेटिंग तपासा, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

"हे काय?" दिवेकरांनी विचारलं.

"काही नाही, भावोजी. मीच हळू केलंय. एफ-वन दाबायचं, पुढे जायचं."

"पण इशारा आहे ना हा?"

"असू दे की. तुम्हाला काय शर्यत लावायचीय? चालतंय ते चालू द्या."

मेहुणा चहा पिऊन गेला. गाडं इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

दोघांचा दिवस आता सकाळच्या त्या दीड तासाभोवती फिरू लागला. झोपून उठल्यावर बाईंची जीभ ताजी असायची. आठ वाजता दिवेकर पंखा बंद करत, फ्रिजची पिन काढत, खिडकीवर रजई टांगत. मग कॉम्प्युटर सुरू करत, आणि ती पिवळी पट्टी यायची. रोज. एफ-वन दाबण्याआधी ते ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढायचे. पिवळा दिवा पेटता ठेवून काम पुढे ढकलायचं म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच. त्यातून हे काम म्हणजे बायकोचा आवाज. बाई समोर बसून म्हणत, "अहो, कुठे हरवलात? घोड्याला छत्री आवडत नाही, लिहून घेताय ना?" आणि दिवेकर लाल बटण दाबत.

शंभर वाक्यं झाली की त्यांचं एक पाकीट करायचं, आणि सगळी पाकिटं शेवटी एकदम पाठवायची, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं. शंभरही फायली दाबून एकात बसवायच्या आणि वर पासवर्डचं कुलूप घालायचं, म्हणजे रुग्णाचा आवाज वाटेत कुणाच्या हाती लागणार नाही. पाकीट तयार झालं की हिरवी खूण यायची. दिवेकर मग त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवत आणि सुट्या फायली पुसून टाकत. एका कामाचे दोन कागद टेबलावर ठेवू नयेत, ही पंपघरातली शिस्त. तीन आठवड्यांत तीन पाकिटं झाली. वेग चांगला होता. बाईंचे जोडाक्षरांवर थोडे हाल होत होते, एवढंच.

तीनशे पूर्ण झाली त्या दिवशी बाई भावाकडे गेल्या, आणि घरी दिवेकर आणि पिवळी पट्टी असे दोघेच उरले. त्यांनी पंपघरातून आणलेली ड्यूटीची वही उघडली, तारीख टाकली, वेळ टाकली, आणि डिलीटची कळ दाबत कॉम्प्युटर सुरू केला. मूळ सेटिंगचं पान उघडलं. इंग्रजी आकड्यांचं ते जंगल बघून दुसरा कुणी असता तर आल्या पावली परतला असता. दिवेकरांना मात्र किती दिवसांनी आपल्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. मेहुण्याने हाताने घातलेला वेगाचा आकडा त्यांना सापडला. त्यांनी तो एक पायरी वाढवला. वहीत लिहिलं. मशीन सुरू केलं, पट्टी तशीच. आणखी एक पायरी वाढवली, तर पडदा काळाच राहिला आणि डब्यातून तीन शिट्ट्या आल्या. त्यांनी घाबरून वायर काढली, डबा उघडला, आतला नाण्याएवढा सेल काढला, पाच मिनिटं थांबून परत बसवला. मशीन जागं झालं, घड्याळ मात्र कित्येक वर्षं मागे गेलेलं. घड्याळ लावलं. मग त्यांना एक ओळ दिसली: प्रोफाइल एक. मेमरी बनवणाऱ्यांनीच ठरवून दिलेली सेटिंग. बनवणाऱ्यापेक्षा मेहुण्याला जास्त कळतं की काय, असं म्हणून त्यांनी ती चालू केली.

कॉम्प्युटर सुरू झाला. पट्टी आली नाही. त्यांनी तीनदा बंद करून तीनदा सुरू केला. पट्टी नाहीच. दिवेकरांनी वहीत लिहिलं: "वेळ १०:४०. प्रोफाइल १ चालू केले. इशारा बंद. यंत्र ठीक." आणि खाली सही केली.

संध्याकाळी बाई आल्यावर त्यांनी कौतुकाने दाखवलं. बाई म्हणाल्या, "त्याने नको म्हटलं होतं ना?"

"त्याला सांगू नकोस. उगाच तिळपापड होईल त्याचा."

"मी कशाला सांगू? माझी वाक्यं मोजून आहेत."

पुढच्या आठवड्यापासून रेकॉर्डिंगमध्ये मधेच 'कट्' असा आवाज येऊ लागला. दहात एखादं वाक्य बिघडायचं. दिवेकर म्हणायचे, "अगं, पुन्हा म्हण." बाई पुन्हा म्हणायच्या. कधी तिसऱ्यांदा म्हणायच्या. त्यांनी माइकची वायर बदलली, मग माइकच बदलला, मग टेबल भिंतीपासून लांब सरकवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! दोनदा कॉम्प्युटर आपोआप बंद पडून सुरू झाला. त्यांनी विजेच्या बोर्डाला दोष दिला. मेमरीचा संशय त्यांना शिवलाही नाही. तिचा दिवा विझलेला होता ना. एकतीस वर्षं ज्या माणसाने विझलेला दिवा म्हणजे निरोगी यंत्र एवढंच गणित केलं, तो विझलेल्या दिव्यामागे कशाला बघायला जाईल?

आणि बाईंचा आवाज उतरत होता. सातशेच्या पुढे 'र' गेला. नऊशेनंतर एका वाक्याला तीन श्वास लागू लागले. जी वाक्यं त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या ती त्यांच्या शिलकीतून जात होती, हे दोघांनाही दिसत होतं. एकदा दिवेकर म्हणाले, "राहू दे हे, पुढचं घेऊ." बाईंनी मान हलवली. "टाका तिरका गेलाय," त्या म्हणाल्या. "उसवायचा."

शेवटची दोनशे वाक्यं त्यांनी खास राखून ठेवली होती. ती त्यांनी एका कागदावर महिनाभर आधी लिहिली होती, आणि दिवेकरांना कागद बघू दिला नव्हता. त्यात सासरी असलेल्या मुलीला द्यायच्या सूचना होत्या, भाजीवाल्याशी भांडण होतं, दिवेकरांच्या घोरण्यावर चार वाक्यं होती. एक वाक्य असंही होतं की त्यापुढे दिवेकर बटण बंद करायला विसरले, आणि चष्मा पुसत बसले. ते वाक्य काय होतं हे त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही. बाराशेवं वाक्य झालं तेव्हा चार महिने भरले होते. बाईंनी माइककडे बघून हात जोडले. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांचं बोलणं फक्त दिवेकरांना कळायचं, आणि तेही निम्मं अंदाजाने.

हॉस्पिटलमधून फोन आला तो मंगळवार होता. थेरपिस्ट म्हणाली, "काका, पहिली तीन पाकिटं उघडली. पुढची नऊ उघडत नाहीत. खराब म्हणून सांगतंय. तुमच्याकडच्या सुट्या फायली पाठवता का?"

सुट्या फायली कुठल्या! दिवेकरांनी वेगळ्या डिस्कवरची प्रत काढली. तीही उघडेना. त्यांनी मेहुण्याला बोलावलं.

मेहुणा सकाळी दुकान न उघडता आला. त्याने कॉम्प्युटर सुरू केला, आणि पडद्याकडे बघतच राहिला. "पिवळी पट्टी कुठे गेली?"

बाई दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. मेहुण्याने एका पेनड्राइव्हवरून मेमरीची तपासणी सुरू केली. पाच मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उतरू लागल्या, एकीखाली एक, आणि थांबेनात. "सेटिंग कुणी बदललं, भावोजी?" त्याने विचारलं. खरं तर घरात विचारण्यासारखं दुसरं कोण होतं?

दिवेकरांनी कपाटातून ड्यूटीची वही आणली, पान उघडलं आणि त्याच्या हाती दिली. मेहुणा मोठ्याने वाचू लागला, मग त्याचा आवाज हळू झाला, आणि शेवटची ओळ त्याने मनातच वाचली.

"वेग वाढला की मेमरीच्या या दोन पट्ट्या घोटाळा करतात," तो म्हणाला. "एखादा आकडा इकडचा तिकडे. तुम्हाला कळणारसुद्धा नाही. सुटी फाइल असती तर एक 'कट्' झालं असतं, बाकी वाक्य राहिलं असतं. पण कुलूपबंद पाकिटात एक आकडा चुकला की पुढचं सगळं गेलं."

"आता वेग कमी केला तर?"

"मशीन नीट होईल. पाकिटं बंद करतानाच बिघडली, भावोजी. ती नाही होणार."

"पुसलेल्या फायली परत काढतात म्हणे."

"त्यांच्या जागेवर तुम्ही पुढची शंभर वाक्यं लिहिलीत, त्यावर त्याच्या पुढची. शेवटच्यांवर मशीनने स्वतःचं काहीबाही लिहिलं." तरी त्याने डिस्क दुकानात नेली, दोन दिवस तिच्यावर खपला. त्याला बहिणीच्या आवाजाचे काही तुकडे मिळाले. कुठे अर्धा शब्द, कुठे नुसता श्वास.

पण ते नंतरचं. त्या सकाळी दिवेकर खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "मी केलं गं. त्याने नको सांगितलं होतं, तू पण सांगितलं होतंस. मीच केलं." त्यांना वाटलं, आता ती उठेल आणि बावीस मशिनींच्या वरची ती पट्टी लावेल. ती लावावी म्हणून त्यांनी अक्षरशः मनातून धावा केला. आयुष्यभर ज्या बोलण्यांपासून ते गच्चीत पळायचे, त्यातलं एक जरी आज मिळालं असतं तरी त्यांनी ते डोक्यावर घेतलं असतं. बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते, ओठ हलले, त्यातून एक ओला, बिनशब्दाचा आवाज आला, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग बोलणं गेल्यापासून हाताशी ठेवलेली पाटी ओढून लिहिलं: "त्याला चहा द्या. उपाशी आलाय."

दिवेकर स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. भांडं जळेपर्यंत त्यांना चहाची आठवण राहिली नाही.

त्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग करून बघितलं, नाही असं नाही. मेहुण्याने वेग खाली आणून दिला होता, पिवळी पट्टी परत आली होती, आणि दिवेकर निमूट एफ-वन दाबत होते. बाई तीन सकाळी मिळून अकरा वाक्यं बोलल्या. थेरपिस्टने ती ऐकली आणि फोनवर म्हणाली, काका, आता थांबू या. तीनशे चांगल्या वाक्यांचं काय होईल, असं दिवेकरांनी विचारलं. ती म्हणाली, करून बघितलं काका, पण जे निघतंय ते काकूंना ऐकवू नका. तुम्हीही ऐकू नका.

मग टॅब आला. त्यात तयार आवाज होते. बाईंनी त्यातला एक निवडला, तिशीतल्या कुणा बाईचा, स्वच्छ, बातम्या सांगणाऱ्यांसारखा. निवडताना त्यांनी दिवेकरांना विचारलं नाही. थेरपिस्टने टॅबचा आवाज मोठा करून दिला आणि घरात कसा वापरायचा ते समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवेकर गॅलरीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. चादरीची घडी झाली, टॉवेलांची झाली. मग कुणीतरी मागे येऊन उभं राहिलंय असं वाटलं म्हणून ते वळले. बाई होत्या. आतल्या खोलीपासून भिंत धरधरून आल्या होत्या, धाप लागली होती, हनुवटी आणि पदर ओला झाला होता. पाणी पिताना ठसका लागला होता. छातीशी टॅब धरलेला होता. दिवेकरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड पुसलं, पाठीवरून हात फिरवला. "अगं, मला हाक नाही का मारायची?"

श्वास जाग्यावर आल्यावर बाईंनी टॅबवर बोट टेकवलं. त्या तरुण, स्वच्छ आवाजाने सांगितलं, "तीनदा मारली."

हाका तिन्ही दिवेकरांनी ऐकल्या होत्या. शेजारच्या घरात कुणीतरी बाई आपल्या नवऱ्याला बोलावते आहे, असं त्यांना वाटलं होतं.